रस्टमध्ये एचटीएमएल टोकनायझर : बाहेरून दिसणारा इंटरफेस कसा ठेवावा?

खडूफळा (मंगळवार, रात्री १०:४२)

मंडळी नमस्कार. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत एक एचटीएमएल टोकनायझर, म्हणजे पानाच्या सोर्सचे टॅग, मजकूर असे तुकडे (टोकन) पाडणारा प्रोग्राम लिहितोय, लायब्ररी म्हणून. फक्त टोकनायझर बरं का, कुठला टॅग कुणाच्या आत ते ठरवून झाड बांधणारा भाग त्यात नाही. पानाचा सोर्स आत जातो आणि बाहेर सहा प्रकारच्या गोष्टी येतात, डॉकटाइप, उघडणारा टॅग, बंद करणारा टॅग, कॉमेंट, अक्षरं आणि फाइल संपली ही खूण. आतलं काम व्हॉटडब्ल्यूजीच्या (एचटीएमएलचे नियम ठरवणाऱ्या गटाच्या) स्टँडर्डमध्ये जसं सांगितलंय तसंच आहे, तिथल्या ८० स्टेट्स (आत्ता टॅग वाचतोय, मजकूर की आणखी काही, या अवस्था) एकेक करून उतरवल्यात आणि एचटीएमएल५लिब या प्रकल्पाच्या टोकनायझरवाल्या टेस्ट पास होतायत. त्यामुळे आतल्या इंजिनाबद्दल आज काही विचारायचं नाहीये.

अडलंय ते बाहेर. सध्या टोकनायझर नावाचा एक स्ट्रक्ट (डेटाचा टाइप) आहे, त्याला स्ट्रिंग द्यायची, तो इटरेटर ट्रेट (ट्रेट म्हणजे टाइपने द्यायच्या फंक्शन्सची यादी, इटरेटरचं नेक्स्ट एकेक आयटम देतं) इम्प्लिमेंट करतो, फॉर लूप लावला की एकेक टोकन हातात. टोकन हा एनम, म्हणजे ठरलेल्या प्रकारांपैकी एक. पंधरा ओळींत कुणीही कुठल्याही पानातल्या सगळ्या लिंका काढू शकतो आणि हे मला मनापासून आवडतं. पण आता वापरणारे तीन वेगळ्या तऱ्हेचे लोक झालेत. मी स्वतः जुन्या मराठी वेबसाइटींची पानं साफ करून मजकूर काढतो. एक मित्र लिंक चेकर बनवतोय, त्याला लाखो पानं भराभर चाळायचीत, मजकुराशी देणंघेणं नाही. आणि एका मैत्रिणीला सॅनिटायझर करायचाय, म्हणजे लोकांनी कॉमेंटमध्ये टाकलेल्या एचटीएमएलमधून धोकादायक भाग काढून टाकणारा. मित्र म्हणतो प्रत्येक टॅगसाठी नवी स्ट्रिंग कशाला बनवता, मैत्रीण म्हणते स्क्रिप्ट आणि स्टाइल टॅग आले की स्टेट कोण बदलणार ते मला ठरवू दे, आणि मला स्वतःला प्रत्येक टोकन मूळ फाइलमध्ये कुठून कुठपर्यंत होतं ते हवंय.

तिन्ही एका इंटरफेसमध्ये बसवायचंय, पण पंधरा ओळीवाला साधेपणा घालवायचा नाहीये. १.० काढलं की पब्लिक नावं आणि टाइप बदलणं म्हणजे दुसऱ्यांचा चालू कोड मोडणं, म्हणून जे भांडायचंय ते आत्ताच भांडून घेऊ. एचटीएमएल५एव्हर, एचटीएमएल५गम आणि लोल-एचटीएमएल या रस्टमधल्या तीन तयार लायब्ररींचे इंटरफेस वाचलेत, ज्यांनी वापरलेत त्यांनी मोकळेपणी लिहा.

अर्धविराम (मंगळवार, रात्री ११:३०)

तुमच्या मित्राचं म्हणणं बरोबर आहे आणि त्याचं मूळ इटरेटरमध्येच आहे. स्टँडर्ड लायब्ररीतला इटरेटर जे आयटम देतो त्याला इटरेटरच्या स्वतःच्या पोटातल्या बफरकडे बोट दाखवता येत नाही, कारण नेक्स्टच्या सहीमध्ये (फंक्शनचं नाव आणि टाइप सांगणाऱ्या ओळीत) तो लाइफटाइम, म्हणजे उसनी गोष्ट किती वेळ वापरता येईल ते, लिहायला जागाच नाही. मग काय करणार, टॅगचं नाव कॉपी, प्रत्येक अ‍ॅट्रिब्यूटचं नाव कॉपी, व्हॅल्यू कॉपी, आणि लिंक चेकर त्यातलं एक बघून बाकीचं फेकून देणार. रस्ट १.६५ मध्ये, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये, जेनेरिक असोसिएटेड टाइप्स (ट्रेटमधल्या टाइपला लाइफटाइम जोडायची सोय) स्थिर झाले तेव्हापासून उसनं देणारा इटरेटर स्वतःचा ट्रेट म्हणून लिहिता येतो, पण तो फॉर लूपमध्ये चालत नाही आणि मॅप, फिल्टर वगैरे काही फुकट मिळत नाही. म्हणजे सोयही गेली आणि साधेपणाही गेला.

मला एचटीएमएल५गमची पद्धत जास्त पटते. तिथे टोकनायझर स्वतः टोकन बनवतच नाही. एमिटर नावाचा ट्रेट आहे, टोकनायझर त्याला सांगत जातो की आता उघडणारा टॅग सुरू झाला, हे नावाचे बाइट घे, आता नवीन अ‍ॅट्रिब्यूट, ही त्याची व्हॅल्यू, आता टॅग संपला. काय साठवायचं आणि काय सोडायचं ते एमिटर ठरवतो. लिंक चेकरचा एमिटर अँकर टॅग सोडून बाकीच्यांच्या अ‍ॅट्रिब्यूटचे बाइट घेणारच नाही आणि एकच बफर पुन्हा पुन्हा वापरेल. सगळं जेनेरिक असल्यामुळे कंपायलर ती रिकामी फंक्शन्स उडवून टाकतो, रनटाइमला त्यांचा भार शिल्लक राहत नाही.

आणि ज्याला हे काही नको त्याच्यासाठी लायब्ररीतच एक तयार एमिटर ठेवा जो आत्तासारखी मालकीची टोकनं बनवून देतो. पंधरा ओळीवाला माणूस तो वापरेल, त्याला ट्रेटचं नाव कळायचीही गरज नाही.

जुना_कोकणकर (बुधवार, सकाळी ७:१५)

अर्धविराम ताई, पद्धत चांगली आहे, मी वापरलीये. पण एमिटर लिहायला बसलं की पंचवीसेक फंक्शन्स समोर येतात आणि ज्याला फक्त कॉमेंटी मोजायच्यात तो माणूस तिथेच लॅपटॉप मिटतो. मग कुणीतरी म्हणतं सगळ्यांना रिकामी डीफॉल्ट बॉडी द्या ना, हवं तेवढंच लिहा. माझा त्याला ठाम विरोध आहे. समजा उद्या एखाद्याने सगळं लिहिलं पण अक्षरं घेणारं फंक्शन राहून गेलं, किंवा नावात एक अक्षर चुकवून ट्रेटच्या बाहेर वेगळंच फंक्शन लिहून बसला, तर प्रोग्राम कंपाइल होईल, चालेल, आणि पानातला सगळा मजकूर गुपचूप गायब होईल. रस्ट कशासाठी वापरतो आपण? असं काही झालं तर कंपायलरने ओरडावं म्हणूनच ना. तेव्हा टोकनाशी संबंध असलेलं प्रत्येक फंक्शन सक्तीचं ठेवा, डीफॉल्ट द्यायचं तर फक्त एरर कळवणाऱ्या फंक्शनला द्या, कारण एरर नाही ऐकल्या तरी टोकनं बरोबरच येतात.

भीती घालवायला मधली एक पायरी हवी. एक क्लोजर (जागच्या जागी लिहिलेलं छोटं फंक्शन) घेणारा एमिटर करा, त्याला उसनवारीचा इव्हेंट मिळेल, क्लोजर संपला की बफर परत. पंचवीस फंक्शन्सही नाहीत आणि कॉपीही नाही.

अजून एक, टोकनच्या स्ट्रक्टमध्ये अ‍ॅट्रिब्यूट्स थेट बी-ट्री मॅप म्हणून उघडे ठेवू नका. मॅपमध्ये लिहिलेला क्रम हरवतो, आणि उद्या व्हेक्टर करावासा वाटला तर सगळ्यांचा कोड मोडेल. स्वतःचा टाइप करा, आतलं खाजगी, बाहेर फक्त नावाने शोधणं आणि क्रमाने फिरणं. एकच नाव दोनदा आलं तर पहिलं ठेवायचं, दुसरं टाकायचं, हे स्टँडर्डनेच सांगितलंय. बंद करणाऱ्या टॅगचा टाइपही वेगळा ठेवा, त्याला अ‍ॅट्रिब्यूट दाखवायचेच कशाला.

शिरोरेघा (बुधवार, दुपारी १:०५)

मी स्पॅनबद्दल, म्हणजे टोकन मूळ फाइलमध्ये कुठून कुठपर्यंत होतं त्याबद्दल लिहिते, कारण खडूफळा म्हणतायत तसलंच काम मीही करते आणि मराठी पानांसाठी स्पॅन ही चैन नाहीये, त्याच्याशिवाय काही पानं नीट वाचताच येत नाहीत.

युनिकोड रुळायच्या आधीच्या कितीतरी मराठी साइट शिवाजी, किरण, श्री-लिपी अशा फॉन्टांवर चालायच्या. फाइलमध्ये देवनागरी नसतंच, लॅटिन कोड असतात, आणि फॉन्ट त्या जागी मराठी अक्षराचा तुकडा दाखवतो. काही पानांच्या मेटामध्ये कॅरसेट एक्स-युजर-डिफाइन्ड असं असतं. आता बघा. अशा पानात १५० नंबरचा बाइट थेट आला आणि एक्स-युजर-डिफाइन्डचाच डीकोडर लावला तर तो युनिकोडच्या खाजगी भागात जातो, एफ७९६ वर. पण त्याच पानात लिहिणाऱ्याने, किंवा त्याच्या सॉफ्टवेअरने, तेच अक्षर अँपरसँड-हॅश-१५० असं लिहिलं असेल तर टोकनायझर स्टँडर्डप्रमाणे १२८ ते १५९ मधल्या नंबरांना विंडोज-१२५२ चा तक्ता लावतो आणि तुमच्या हातात एन डॅश येतो. फॉन्टमध्ये दोन्हीचा तुकडा एकच, पण टोकनमध्ये दोन वेगळी अक्षरं. खरा एन डॅश आणि हा एन डॅश ओळखायचा कसा? मूळ सोर्समध्ये मागे जाऊन बघितल्याशिवाय इलाज नाही. टोकनायझर इथे बरोबरच वागतोय, स्टँडर्ड सोडू नका, फक्त मागे जायची वाट द्या.

आता ती वाट कशी असावी. एक, फक्त बाइट ऑफसेट, म्हणजे सुरुवातीपासून कितवा बाइट ते, द्या. ओळ आणि कॉलम देऊ नका. देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट (युनिकोडमधलं एक सुटं चिन्ह) यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतो, 'क्षि' डोळ्याला एक दिसतं, कोडपॉइंट चार आहेत आणि बाइट बारा. कुणाला कोडपॉइंट हवेत, कुणाला एडिटरसाठी यूटीएफ-१६ ची युनिट हवीत कारण लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल मुळात तेच मोजतो, कुणाला डोळ्याला दिसतं ते. तुम्ही एक निवडलंत की बाकीच्यांना चूक वाटणार. बाइटवरून ज्याला जे हवं ते त्याने काढावं.

दोन, व्हॅल्यूच्या लांबीवरून स्पॅन काढायला जाऊ नका. लिंकमध्ये अँपरसँड पूर्ण लिहिला असेल तर सोर्समध्ये पाच अक्षरं आणि टोकनमध्ये एक. सुरुवात आणि शेवट दोन्ही वाचतानाच नोंदवायला हवेत. तसंच विंडोजच्या ओळसमाप्तीचं, सीआर-एलएफ चं टोकनायझरला पोचेपर्यंत एकच एलएफ होतं, तर मोजणी त्याच्या आधीच्या बाइटांवर व्हायला हवी, नाहीतर शंभर ओळींनंतर शंभर बाइटांचा फरक पडलेला असतो.

तीन, ज्याला नको त्याला याचा खर्च पडू नये. ऑफसेटचा टाइप जेनेरिक ठेवा. हवा त्याला यूसाइझ (पूर्णांकाचा टाइप), नको त्याला रिकामा टाइप ज्याची साइझ शून्य आहे. मग स्पॅनसुद्धा शून्य बाइटांचा, आणि मित्राचा लिंक चेकर तेवढाच वेगात.

घाटवाट (बुधवार, रात्री ९:५०)

सगळं वाचलं. अ‍ॅलोकेशन, स्पॅन, सगळं महत्त्वाचं आहे पण या गोष्टी चुकल्या तर प्रोग्राम हळू चालतो किंवा माहिती कमी मिळते. मैत्रिणीचा जो मुद्दा आहे, स्टेट कोण बदलणार, तो चुकला तर उत्तरच खोटं येतं, आणि सॅनिटायझरमध्ये खोटं उत्तर म्हणजे दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये परकी स्क्रिप्ट. म्हणून इंटरफेसची रचना इथून सुरू करा असं माझं म्हणणं आहे, इटरेटरपासून नको.

एचटीएमएलचा टोकनायझर एकट्याने बरोबर असूच शकत नाही. स्टँडर्डमध्येच लिहिलंय की झाड बांधणारा टप्पा टोकनायझरची स्टेट बदलू शकतो. टायटल आणि टेक्स्टएरिया आले की आत टॅग मोजायचे नाहीत पण अँपरसँडवाले संदर्भ सोडवायचे, स्टाइल आला की तेही नाही, स्क्रिप्टचं वेगळंच, प्लेनटेक्स्ट आला की पान संपेपर्यंत सगळा मजकूरच. आता कुणी म्हणेल मग टॅगचं नाव बघून टोकनायझरनेच स्टेट बदलावी, त्यात काय. बहुतेक पानांवर ते चालतंही. पण एसव्हीजीच्या (पानात चित्र काढायच्या टॅगांच्या) आत आलेला स्टाइल टॅग हा एचटीएमएलचा स्टाइल नाही, तिथे ब्राउझर आतलं कच्चा मजकूर म्हणून वाचत नाही, टॅग म्हणून वाचतो. तर हल्लेखोर काय करतो, एसव्हीजी, त्यात स्टाइल, त्यात इमेज टॅग आणि त्याला ऑन-एरर, म्हणजे इमेज मिळाली नाही तर चालणारा कोड. नावावरून स्टेट बदलणाऱ्या टोकनायझरला तो सगळा स्टाइलचा मजकूर दिसतो, सॅनिटायझर म्हणतो मजकूर आहे, जाऊ दे. ब्राउझरला मात्र खरी इमेज दिसते आणि ऑन-एररमधला कोड चालतो. नोस्क्रिप्टचं तर पानावर काही अवलंबूनच नाही, ब्राउझरमध्ये स्क्रिप्टिंग चालू आहे की बंद त्यावर ठरतं. सीडेटा सेक्शनही, म्हणजे जसाच्या तसा मजकूर धरायचा भाग, फक्त एसव्हीजी आणि मॅथएमएलच्या (गणिती सूत्रांच्या टॅगांच्या) आत खरा, बाहेर ती कॉमेंट धरायची.

बाकीच्यांनी काय केलंय बघा. एचटीएमएल५एव्हर हा सर्वो ब्राउझरच्या प्रकल्पातला, तिथे टोकन घेणाऱ्या सिंकने उत्तर द्यायचं असतं, पुढे चालू ठेव, की स्क्रिप्ट, की प्लेनटेक्स्ट, की कच्चा डेटा. सीडेटासाठी वेगळं फंक्शन आहे, ज्याचं भलंमोठं नाव स्टँडर्डमधल्या अटीवरूनच घेतलंय. लोल-एचटीएमएल हा क्लाउडफ्लेअरचा, स्ट्रीममधून जाणारं पान वाटेतच बदलायचं असल्यामुळे पूर्ण झाड बांधणं त्यांना परवडत नाही, तर त्यांनी झाडाच्या वागण्याची छोटी नक्कल आत ठेवली आणि जिथे नक्कल पुरत नाही तिथे स्ट्रिक्ट मोडमध्ये अंदाज न करता सरळ एरर देऊन थांबतात. हे मला फार आवडतं, माहीत नसताना माहीत असल्यासारखं न वागणं.

आणि आता इटरेटरबद्दल. समजा स्टेट बदलायला वेगळं फंक्शन दिलंत. फॉर लूप चालू असताना टोकनायझर त्या लूपने म्युटेबल उसना घेतलेला असतो, आतून स्टेट बदलायला गेलं की बॉरो चेकर (कोण काय उसनं घेतंय ते तपासणारा कंपायलरचा भाग) अडवतो, म्हणून व्हाइल-लेट लिहावं लागतं. तेवढं ठीक आहे, निदान कळतं तरी. पण कुणी त्याला पीकेबल, म्हणजे पुढचा आयटम आधीच डोकावून बघायची सोय, लावलं तर? पुढचं टोकन आधीच वाचून झालेलं असतं, तेही जुन्या स्टेटमध्ये, आणि त्यानंतर स्टेट बदलून उपयोग नाही. कंपायलर काही बोलत नाही, टेस्टही बहुतेक पास होतात. म्हणून माझं स्पष्ट मत, मूळ टोकनायझरने इटरेटर इम्प्लिमेंट करूच नये.

खडूफळा (गुरुवार, रात्री १२:२०)

पीकेबलचं उदाहरण वाचून आत्ताच करून बघितलं, स्क्रिप्टच्या आतली 'पेक्षा लहान' ही खूण टॅगची सुरुवात म्हणून आली. पटलं.

तर मग असं मांडतो. एमिटरमध्ये उघडणारा टॅग पूर्ण झाला हे सांगणारं जे फंक्शन आहे ते काहीतरी परत देईल, आणि ते द्यायलाच लागेल. परत काय द्यायचं तर पुढची स्टेट. ८० च्या ८० बाहेर दाखवायच्या नाहीत, त्यातल्या बहुतेक आतल्या कामाच्या आहेत. उघडणाऱ्या टॅगनंतर लागतात त्या पाचच, डेटा, आरसीडेटा (टायटल, टेक्स्टएरिया), रॉटेक्स्ट (स्टाइल), स्क्रिप्ट डेटा आणि प्लेनटेक्स्ट. टेस्ट चालवायला सीडेटाची सहावी लागते कारण एचटीएमएल५लिबच्या टेस्ट फाइलींत सुरुवातीच्या स्टेट म्हणून हीच सहा नावं येतात. हा एनम नॉन-एक्झॉस्टिव्ह (पुढे नवे प्रकार येऊ शकतात अशी खूण असलेला) ठेवणार नाही, कारण तो कॉलर बनवतो, आम्ही नाही. सीडेटा चालेल का हा प्रश्न टोकनायझर एमिटरला वेगळ्या फंक्शनने विचारेल, त्यालाही डीफॉल्ट नाही.

यामुळे विसरणं शक्यच राहत नाही. झाड बांधणारा असेल तो खरं उत्तर देईल, नसेल त्याला विचार करून डेटा असं लिहावं लागेल.

एक प्रश्न राहतो, शेवटचा उघडणारा टॅग कुठला होता हे कोण लक्षात ठेवणार? आरसीडेटामध्ये असताना समोर आलेला बंद टॅग खरा की मजकूर, हे त्या नावाशी जुळतं का यावरून ठरतं. एचटीएमएल५गममध्ये ते एमिटरकडे आहे. मला ते टोकनायझरच्या पोटात घ्यावंसं वाटतंय.

जुना_कोकणकर (गुरुवार, सकाळी ६:५५)

पोटातच घ्या. एमिटर हा वापरणारा लिहितो, बरोबर उत्तर यायला त्याच्या लक्षात राहण्यावर अवलंबून राहायचं नाही. स्टाइल, स्क्रिप्ट, टायटल अशा मोजक्या टॅगांची नावं लक्षात ठेवायचीत, सगळ्यांची नाही, आणि ती स्टेट डेटा सोडून दुसरी मागितली तरच ठेवायचीत. काही बाइटांचा खर्च आहे.

पण एक सांगतो, पंधरा ओळीवाल्या माणसाला विसरू नका. त्याला पानाचं टायटल आणि लिंका हव्यात, एसव्हीजी त्याच्या स्वप्नातही नाही. त्याला तुम्ही सांगितलंत की आधी पाच स्टेट समजून घे तर तो रेग्युलर एक्स्प्रेशन लावून मोकळा होईल, आणि ते याहून कितीतरी वाईट.

घाटवाट (गुरुवार, सकाळी ९:१०)

कोकणकर काका, त्याला इटरेटर द्या ना, फक्त वेगळ्या टाइपवर. मूळ टोकनायझरवर नाही, त्याच्यावर गुंडाळलेल्या दुसऱ्या स्ट्रक्टवर जो टॅगच्या नावावरून स्टेट बदलतो, आणि त्याच्या नावातच नाइव्ह, म्हणजे भाबडा, हा शब्द असू द्या. एचटीएमएल५गमनेही स्टेट बदलायच्या त्या सोयीच्या नावात नाइव्ह घातलंय. त्यावर पीकेबल लावलं तरी बिघडत नाही, कारण स्टेटचा निर्णय आतच झालेला असतो. कुणाचा कोड बघताना नाइव्ह दिसलं आणि ते सॅनिटायझर असेल तर तिथेच थांबून विचारता येतं. डॉक्युमेंटेशनमध्ये पहिल्याच परिच्छेदात एसव्हीजी-स्टाइलचं उदाहरण द्या, खाली तळटीपेत नको.

अर्धविराम (गुरुवार, दुपारी ४:३५)

एररवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. इथे दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकाच रिझल्टमध्ये (यश किंवा एरर परत देणाऱ्या टाइपमध्ये) कोंबलेल्या बघितल्या की वाईट वाटतं. एक म्हणजे वाचताना आलेली अडचण, सॉकेट तुटलं, डिस्क वाचता आली नाही. त्यानंतर पुढे काही नाही, हा खरा रिझल्ट. दुसरी म्हणजे पार्स एरर, अ‍ॅट्रिब्यूट दोनदा आला, टॅगच्या मध्येच फाइल संपली, संदर्भाच्या शेवटी अर्धविराम नाही. यांनी एचटीएमएलमध्ये काहीच थांबत नाही, पुढे काय करायचं ते स्टँडर्डने प्रत्येक वेळी ठरवून दिलंय. कुणी लूपमध्ये प्रश्नचिन्ह (एरर आली की तिथूनच परत फिरायची खूण) लावलं आणि पार्स एररही तिथूनच यायला लागल्या तर साधं एक अँपरसँड चुकलेलं पान अर्धवट वाचून सोडून दिलं जाईल.

तेव्हा पार्स एरर एमिटरच्या वेगळ्या फंक्शनला, स्पॅनसकट. नाइव्ह इटरेटरमध्ये त्या बाजूला एका रांगेत साठवा, ज्याला हव्यात तो उपसून घेईल. टोकनच्या एनममध्ये घालू नका, कारण टॅगच्या आतली एरर त्या टॅगच्या आधी बाहेर पडते आणि वाचणाऱ्याला ती मागच्या टोकनची वाटते. वाचनाची एरर रीडरच्या टाइपवरून ठरू दे. स्ट्रिंगवरून वाचणाऱ्या रीडरची एरर इन्फॉलिबल, म्हणजे कधीच न येणारी, ठेवलीत, तो टाइप १.३४ पासून स्टँडर्ड लायब्ररीत आहे, की स्ट्रिंगवाल्या माणसाला नाइव्ह इटरेटरमधून रिझल्ट न देता थेट टोकन देता येईल, रिझल्ट उघडायला अनरॅप लिहायची वेळच नाही.

पार्स एररचा एनम मात्र नॉन-एक्झॉस्टिव्ह हवा, तो तुम्ही बनवता आणि स्टँडर्डमध्ये नवीन नाव येऊ शकतं.

नवा_गडी (गुरुवार, रात्री ८:००)

मी रस्ट शिकतोय, चर्चा छान चाललीये, एक विचारू का? नेटवरून पान तुकड्यातुकड्यांनी येतं. एखादा तुकडा 'म' च्या मध्येच तुटला, म्हणजे तीनातले दोन बाइट इकडे आणि एक तिकडे, तर टोकनायझर बिघडणार नाही का? की आधी पूर्ण पान स्ट्रिंगमध्ये घ्यायचं?

शिरोरेघा (गुरुवार, रात्री ८:४०)

जरूर विचार, प्रश्न नेमका आहे. यूटीएफ-८ असेल तर टोकनायझरला त्याचा त्रास नाही, कारण त्याचे सगळे निर्णय आस्की चिन्हांवर होतात, पेक्षा लहान, पेक्षा मोठं, अवतरणं, अँपरसँड वगैरे, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा कुठलाही बाइट १२८ च्या खाली नसतो. म्हणजे 'म' चा तुकडा चुकूनही टॅगची सुरुवात वाटणार नाही. त्यामुळे आत बाइटांवर काम करणं सुरक्षित आहे आणि वेगवानही, पुढचं कामाचं चिन्ह सापडेपर्यंतचे बाइट एका दमात ओलांडता येतात. पण यूटीएफ-१६ किंवा आयएसओ-२०२२-जेपी अशा एन्कोडिंगमध्ये हे खरं नाही, तिथे आधी एन्कोडिंग-आरएस सारखा डीकोडर लावून यूटीएफ-८ करून घ्यायचं. फक्त मग स्पॅन हे डीकोड झालेल्या मजकुरावरचे असतात, मूळ फाइलवरचे नाही. माझ्या जुन्या फॉन्टांच्या पानांना हेच लागू आहे, म्हणून खडूफळा, हे वाक्य स्पॅनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ठळक हवं.

आणि तुझ्या प्रश्नामुळे एक आठवलं. एक सलग मजकूर एकाच टोकनमध्ये येईल असं वचन कधीच देऊ नका. स्टँडर्ड तर एकेक अक्षर सोडतं, गठ्ठा बांधणं ही आपली सोय. तुकडा संपला तर 'पुणे' मधला 'पु' एका टोकनमध्ये आणि 'णे' दुसऱ्यात येऊ शकतो. मालकीची टोकनं देणाऱ्या एमिटरने ते जोडून द्यावेत, उसनवारीच्या क्लोजरला ते जमणार नाही. वचन द्यायचं तर एवढंच द्या की तुकडा पूर्ण कोडपॉइंटच्या हद्दीवरच पडेल, मधला बाइट पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवू.

खडूफळा (शुक्रवार, रात्री १०:१५)

ते वचन देता येईल, जास्तीत जास्त तीन बाइट राखून ठेवावे लागतात.

ब्रँच केलीये. मूळ टोकनायझरवरचा इटरेटर काढला, एमिटरची टोकनवाली फंक्शन्स सक्तीची झाली, उघडणाऱ्या टॅगचं फंक्शन पुढची स्टेट परत देतं, शेवटच्या टॅगचं नाव आत गेलं. नाइव्ह इटरेटर वेगळा, पंधरा ओळींचं उदाहरण सोळा ओळींचं झालं, जास्तीची ओळ त्या नावाच्या इम्पोर्टची. ऑफसेट जेनेरिक केल्यावर टाइपच्या सह्या लांब दिसायला लागल्यात, त्यावर दोन टाइप अलायस ठेवलेत, स्पॅनसह आणि स्पॅनविना. मित्राचा लिंक चेकर नव्या एमिटरवर नेला. त्याने लगेच एक गोष्ट दाखवली. अ‍ॅट्रिब्यूटमध्ये अँपरसँडला चिकटून कॉपी आणि पुढे बरोबरचं चिन्ह आलं तर तो कॉपीराइटचा संदर्भ नाही, लिंकमधला पॅरामीटर आहे, तसाच ठेवायचा, पण साध्या मजकुरात तेच लिहिलं तर संदर्भ सुटतो. आमचा एमिटर दोन्हीकडे बरोबर बाइट देतो. पण मित्राला पार्स एररच्या फंक्शनमध्ये आपण अ‍ॅट्रिब्यूटमध्ये आहोत की मजकुरात हेही हवंय. घालायचं का?

अर्धविराम (शुक्रवार, रात्री ११:०५)

नको. एररला स्पॅन आहे आणि एमिटरला माहीत आहे की अ‍ॅट्रिब्यूट सुरू करा हे आपल्याला सांगितलं गेलंय की नाही, तो स्वतःच्या एका बूलियनमध्ये ते ठेवू शकतो. एररच्या सहीत एकदा घातलेली गोष्ट १.० नंतर काढता येणार नाही, पण नंतर गरज पडली तर घालता येईल, एररसाठी वेगळा स्ट्रक्ट करा आणि त्याचे फील्ड खाजगी ठेवा म्हणजे झालं.

घाटवाट (शनिवार, सकाळी १०:३०)

ब्रँच ओढून घेतली. छोटा झाड बांधणारा त्यावर बसवून एसव्हीजी-स्टाइल, एसव्हीजी-टायटल आणि मॅथएमएलमधला सीडेटा तिन्ही चालवून बघितले, टोकनं ब्राउझरच्या झाडाशी जुळतायत. नोस्क्रिप्टसाठी स्क्रिप्टिंग चालू की बंद हे नाइव्ह टाइपला कन्स्ट्रक्टरमध्ये विचारा, डीफॉल्ट देऊ नका, त्याची इश्यू आज टाकतो.